दुखण्यातला भरवसा: ठाणे परिसरातल्या मंडळीची पार्श्वभूमी

नवी मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) उपास-प्रार्थनेत विनंत्यांची यादी वाचली जाते, तेव्हा खारघरच्या टाटा कॅन्सर केंद्रात उपचार घेणाऱ्या कुणाचं तरी नाव त्यात हमखास असतं. नगर, जालना, सोलापूरकडचं एखादं कुटुंब नातेवाइकांच्या वन-बीएचकेमध्ये उतरलेलं असतं. केमोच्या तारखा आणि सभेच्या तारखा एकाच कॅलेंडरवर गोल करून ठेवलेल्या असतात. दुखणं लांबलं की कुणीतरी, मनात काही वाईट नसताना, घरच्या बाईंना बाजूला घेऊन विचारतं, "ताई, विश्वास कुठे कमी पडतोय का? काही कबूल करायचं राहिलंय का?" हा प्रश्न आता इतका अंगवळणी पडलाय, की ख्रिस्ती शिकवण म्हणजे हेच, असं नव्या पिढीला वाटतं. तसं ते नाही. प्रश्न फार जुना आहे, आणि पवित्र शास्त्राने तो विचारणाऱ्यांनाच झापलेलं आहे.

बायबलमधल्या ईयोबाने सगळं गमावलं, तेव्हा त्याचे तीन मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही बोलले नाहीत. तिथवर त्यांचं सगळं बरोबर होतं. मग ते बोलायला लागले: तुझं काहीतरी चुकलं असणार, त्याशिवाय देव एवढं करेल का? ईयोब मात्र स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला जाब विचारतो, न्याय मागतो. आणि शेवटच्या अध्यायात देव त्या मित्रांतल्या अलीफजाला सांगतो, की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. देवाची तळी उचलणारे खोटे ठरले आणि देवाशी भांडणारा खरा ठरला. भरवशावर बोलायचं तर सुरुवात इथून करावी लागते.

स्तोत्रसंहितेतही तेच. दीडशेपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत, आणि ती मंदिरात, सगळ्यांसमोर गायली जात. हबक्कूक संदेष्टा आधी "किती वेळ?" म्हणून देवाकडे गाऱ्हाणं घालतो. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन, हे त्याचं वचन त्यानंतर येतं. आपल्याकडे भिंतीवरच्या फ्रेममध्ये फक्त हा शेवटचा भाग असतो. प्रेषित पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरे आहे, एवढंच उत्तर आलं. पौलाचा विश्वास कमी पडला, असं म्हणायला अजून तरी कुणी धजावलेलं नाही. आणि खुद्द येशूने वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्राचेच शब्द उच्चारले, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केला?" उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर संदेश होतात, तेव्हा ठाण्यात काय नि नेरुळात काय, हा चौथा उद्गार आपण दरवर्षी ऐकतो.

पुढची शतकं भराभर सांगता येतील. तिसऱ्या शतकात कार्थेजमध्ये साथ आली, लोक आजाऱ्यांना रस्त्यावर टाकू लागले, तेव्हा तिथला बिशप सिप्रियन याने ख्रिस्ती लोकांना छळ करणाऱ्यांचीही शुश्रूषा करायला लावलं. 410 मध्ये रोम लुटलं गेलं आणि ख्रिस्ती देवाने शहर का राखलं नाही, असा सवाल झाला. बिशप ऑगस्टीनने उत्तर दिलं, की संकट बऱ्या-वाईटांवर सारखंच येतं, ते कुणाच्या पापाचं मोजमाप नसतं.

आता ठाण्याकडे येऊ. इथला सर्वांत जुना नोंदलेला ख्रिस्ती प्रसंग मरणाचाच आहे. एप्रिल 1321 मध्ये फ्रान्सिस्कन संघाचे तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस हे चौघे ठाण्यात मारले गेले. चीनकडे निघालेले हे लोक इथल्या पूर्वेकडच्या परंपरेतल्या ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी उतरले होते. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी ठाण्यात ख्रिस्ती घरं होती. त्या चौघांचा सोबती जॉर्डेनस तेव्हा भडोचच्या वाटेवर होता. त्याने परत येऊन मृतदेह सोपाऱ्याला पुरले आणि त्यानंतरही तो याच किनाऱ्यावर काम करत राहिला. मला या कथेत चौघांइतकाच हा मागे उरलेला माणूस महत्त्वाचा वाटतो. हुतात्म्यांच्या गोष्टी सांगताना आपण त्यांच्या शेवटच्या क्षणापाशी थांबतो. ज्याला दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा कामाला लागायचं असतं, त्याच्या भरवशाबद्दल कुणी बोलत नाही.

पोर्तुगीज काळावर मी फार रेंगाळत नाही. सत्ता आपल्या हातात असताना आणि दुसऱ्यांची मंदिरं पडत असताना मंडळीच्या विश्वासाची कसोटी लागली, असं म्हणणं प्रामाणिकपणाचं नाही. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतलं, 1739 मध्ये वसई पडली, गोरे पाद्री निघून गेले. कोळी, आगरी, भंडारी वस्त्यांतली सामान्य ख्रिस्ती कुटुंबं देशी पाद्रींच्या आधाराने राहिली.

खरी कसोटी लागली ती पटकीच्या साथीत. 1817 मध्ये बंगालात सुरू झालेली ही साथ पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात पोचली. सकाळी जाळं घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी नाही, अशी ती पटकी. कारण कुणाला ठाऊक नव्हतं, औषध नव्हतं. 1820च्या सुमारास या साथीनंतर ठाणे परिसरातले काही ख्रिस्ती कोळी पुन्हा हिंदू धर्मात गेले, अशी नोंद ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. संत राखत नाहीत, तर गावची देवी तरी राखेल, असं त्यांना वाटलं असणार. काही जण या लोकांना अविश्वासू म्हणून मोकळे होतात. मला ते जमत नाही. आधी त्यांना काय शिकवलं गेलं होतं, ते विचारायला हवं. संत म्हणजे साथ थोपवणारी राखण, एवढंच कुणाला शिकवलं असेल, तर साथ थांबली नाही त्या दिवशी त्याच्या हातात काहीच उरत नाही.

त्याच वर्षांत अमेरिकन मराठी मिशनची माणसं इथेच होती. सॅम्युएल न्यूएल मुंबईला आला तोच सगळं गमावून. कंपनी सरकारने कलकत्त्यात राहू दिलं नाही, जहाजावर जन्मलेली मुलगी समुद्रातच गेली, आणि 1812 मध्ये मॉरिशसला पत्नी हॅरिएट वारली, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. 1821 मध्ये पटकीने मुंबईत त्यालाही नेलं. ठाण्यात शाळा चालवणारा जॉन निकोल्स 1824 मध्ये तापाने गेला. गॉर्डन हॉल 1826 च्या मार्चमध्ये नाशिककडे पटकीच्या रोग्यांना औषध वाटत फिरत असताना स्वतः पटकीला बळी पडला. त्याच 1826 साली या मिशनने मराठी नवा करार छापून पुरा केला. यांच्यापैकी कुणाला राखण मिळाली नाही. विश्वास कोळ्यांचा कमी आणि मिशनऱ्यांचा जास्त, म्हणून कोण जगलं नि कोण मेलं हे ठरलं, असं या नोंदी शेजारी ठेवून कुणालाच म्हणता येणार नाही.

मराठी मंडळीला या अनुभवासाठी स्वतःचा आवाज मिळाला तो पुढच्या पिढ्यांत. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आईवडील गमावले, मग बहीण, भाऊ, आणि 1882 मध्ये पती. 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर दुःख संपलं, असंही झालं नाही. केडगावच्या मुक्ती मिशनचा कारभार सांभाळणारी त्यांची एकुलती मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली. तेव्हा रमाबाई मूळ भाषांवरून केलेल्या आपल्या मराठी बायबलच्या भाषांतराचं काम संपवत होत्या. एप्रिल 1922 मध्ये त्याही गेल्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंची आणि त्यांची काही वर्षं ताटातूट झाली. टिळकांनी ओवी आणि अभंगात ख्रिस्ती गीतं रचली. आज घरच्या प्रार्थनेत पेटीवर ती सुरू झाली, की आजारी माणूसही उशीवरून ओठ हलवतो, कारण ही चाल त्याने आईकडून घेतलेली असते.

मग कानात विचारला जाणारा तो प्रश्न आला कुठून? त्याचं आजचं रूप विसाव्या शतकातल्या अमेरिकेत घडलं: विश्वासाने बोला आणि मिळवा, न मिळालं तर बोलण्यात खोट. केबल टीव्ही आला आणि ते आपल्या घरांत शिरलं. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणं वेगळं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडीलजनांनी तेल लावून प्रार्थना करावी असं स्पष्ट सांगितलंय, आणि ती प्रथा आपण सोडू नये. बिघाड होतो तो सभेतल्या साक्षींमध्ये, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगण्यात. बरा झालेला माणूस उभा राहतो, टाळ्या होतात. ज्याचा रिपोर्ट वाईट आला, तो मागच्या खुर्चीवर बसून राहतो आणि पुढच्या सभेला येत नाही.

करोनात हे उघडं पडलं. मार्च 2020 पासून प्रार्थनास्थळं बंद झाली, ती 16 नोव्हेंबरला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि 7 ऑक्टोबर 2021 ला परत खुली झाली. मधल्या काळात झूमवर दफनविधी झाले. पाळकही गेले, प्रार्थना करणारेही गेले. कुणाचा विश्वास कमी होता, असं विचारायची त्या दिवसांत कुणाची जीभ रेटली नाही.

तो संकोच टिकायला हवा होता. ठाणे, वाशी, खारघरच्या पाळकांना आणि वडीलमंडळाला माझी एक विनंती आहे. उपास-प्रार्थनेत शास्त्रपाठासाठी कधीतरी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र घ्या. त्यात शेवटी आशेचं वळण येत नाही, ते अंधारातच थांबतं, म्हणून आपण ते टाळतो. पण तो माणूस रात्रंदिवस देवालाच हाक मारतोय, दुसऱ्या कुणाला नाही. आणि साक्षींच्या वेळी, ज्यांना अजून काहीच मिळालेलं नाही, त्यांनाही नाव घेऊन बोलायला बोलवा.