बसवतानाच काढण्याचा विचार

हाडात धातू बसवणाऱ्यांची पहिली लढाई गंजाशी होती. बेल्जियमचे सर्जन अल्बाँ लाम्बोत यांनी १९०६ च्या सुमारास मॅग्नेशियमची पट्टी स्टीलच्या खिळ्यांनी बसवली. आठवडाभरातच ती विरघळली आणि कातडीखाली गॅस साठला. दोन वेगळे धातू शरीरातल्या खारट द्रवात एकत्र आले की विजेचा प्रवाह तयार होतो आणि एक धातू झिजतो, हे १९३७ मध्ये अमेरिकेत व्हेनेबल आणि स्टक यांनी दाखवून दिले. पुढे स्टेनलेस स्टील सुधारत गेले आणि बसवलेला धातू वर्षानुवर्षे टिकू लागला.

मुलांच्या खुब्यात मात्र नुसते टिकणे पुरत नाही. हाड वाढते, नव्या हाडाचा थर प्लेटवर चढतो आणि प्लेट आत गाडली जाते. मोठेपणी सांधा झिजून बदलायची वेळ आलीच, तर जुने स्क्रू वाट अडवतात. टोरांटोचे सर्जन रॉबर्ट सॉल्टर यांच्या, निखळणाऱ्या खुब्यासाठीच्या १९६१ मधल्या शस्त्रक्रियेत काढण्याची सोय आधीच आहे: ओटीपोटाचे हाड कापून वळवायचे, बारीक तारांनी धरून ठेवायचे, हाड जुळले की तारा ओढून घ्यायच्या. मला ही या सगळ्यातली सर्वांत शहाणी पद्धत वाटते.

मग टायटॅनियम आले. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क १९५० च्या दशकात सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. प्रयोगानंतर टायटॅनियमचे उपकरण काढायला गेले, तर ते निघेचना. हाड त्याला घट्ट चिकटले होते. दातांच्या इम्प्लांटसाठी हे वरदान ठरले. पण मांडीच्या हाडाचा वरचा गोल वाढपट्टीवरून (हाड जिथून वाढते त्या थरावरून) सरकलेल्या मुलांना टायटॅनियमचे पोकळ स्क्रू बसवले, तेव्हा हाच गुण काढताना आडवा आला: स्क्रूच्या डोक्याची खाच झिजते, कधी स्क्रूच तुटतो. सन २००० च्या आसपास लॉकिंग प्लेट आल्या. त्यांत स्क्रूचे डोके प्लेटच्या आट्यांत बसते आणि टायटॅनियमवर टायटॅनियम जाम होते.

म्हणून काढायच्याच प्लेटसाठी अनेक सर्जन आजही स्टील घेतात; ते स्वस्तात पडते, हा वेगळा फायदा. एमआरआय स्पष्ट हवा असेल किंवा स्टीलमधल्या निकेलची ॲलर्जी असेल, तर टायटॅनियमचे पारडे जड होते. प्रत्येक स्क्रू काढावाच असेही नाही. सरकलेल्या गोलातला एकटा स्क्रू पुष्कळदा तसाच ठेवतात.

स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसच्या एओ या हाडांच्या उपचारांवरील संशोधन संस्थेत मेंढ्यांवरच्या प्रयोगांत टायटॅनियमचा पृष्ठभाग पॉलिश करून पाहिला गेला. गुळगुळीत स्क्रू कमी जोर लावून निघाले.