जनुकांची यादी हाती आल्यानंतर

नागपुरात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला शिकणारी एक विद्यार्थिनी मागच्या हिवाळ्यात लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. सिकलसेलच्या रुग्णांच्या आणि निरोगी व्यक्तींच्या रक्तात कोणती जनुके किती सक्रिय आहेत, याची सर्वांसाठी खुली असलेली माहिती तिने उतरवून घेतली होती. दोन्ही गटांची तुलना करून तिने सक्रियता बदललेल्या सुमारे ४०० जनुकांची यादी काढली होती. "सर, यादी तर आली, आता हिच्यातून वाचायचं काय?" हा तिचा प्रश्न होता. सिकलसेल विदर्भातल्या कितीतरी घरांत ठाऊक असलेला आजार आहे. त्याचे मूळ ११व्या गुणसूत्रावरील, हिमोग्लोबिनचा भाग असलेल्या बीटा-ग्लोबिन या प्रथिनाच्या एकाच जनुकात असते. तिथे एक अक्षर बदलते आणि प्रथिनात ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाच्या जागी व्हॅलिन हे दुसरे येते. मूळ एका जनुकात असले, तरी त्याचे पडसाद पेशींच्या अनेक व्यवहारांत उमटतात, आणि ते व्यवहार ओळखण्याची रीत म्हणजे पाथवे विश्लेषण.

पाथवे म्हणजे एखादे काम मिळून तडीस नेणाऱ्या जनुकांचा आणि प्रथिनांचा गट. ग्लुकोजचे विघटन दहा टप्प्यांत होते आणि प्रत्येक टप्प्याचे विकर (एन्झाइम) वेगळे असते. ही सगळी विकरे एका पाथवेची. अशा गटांच्या नोंदी जपानमधील 'केग' या माहितीसंचात १९९५पासून होत आहेत, 'जीन ऑन्टॉलॉजी' आणि 'रिअ‍ॅक्टोम' हेही असेच संच आहेत. ते वापरणे अवघड नाही. यादी चिकटवली की कोणत्या पाथवेची जनुके तिच्यात अपेक्षेपेक्षा जास्त आहेत, याचा निकाल काही सेकंदांत येतो, आणि नवशिक्याची खरी फसगत इथेच होते.

त्या निकालामागचा हिशेब एकदा तरी हाताने करून पाहावा, असे मी तिला सांगितले. माणसात प्रथिने बनवणारी जनुके साधारण २०,००० आहेत. समजा, एका पाथवेत १०० जनुके आहेत. ४०० जनुके डोळे मिटून उचलली, तर त्यांत या पाथवेची सरासरी दोन येतील. आपल्या यादीत आठ आली आहेत. निव्वळ योगायोगाने आठ किंवा त्याहून अधिक येण्याची शक्यता हजारात जेमतेम एक. निकाल भक्कम वाटतो.

पण ही तुलना कोणाशी झाली? नमुना रक्ताचा आहे आणि रक्तात सगळी २०,००० जनुके चालू नसतात. समजा, मोजता आली ती ८,००० आणि त्यांत या पाथवेची ८०. आता योगायोगाने अपेक्षित संख्या दोनाची चार होते आणि तीच आठ जनुके शंभरात चार-पाच वेळा सहज येऊ शकतात. नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात संत्र्यांची आवक ऐन भरात असताना उभे राहून फळे मोजली, तर संत्री जास्त दिसणारच. त्यावरून पूर्ण विदर्भाच्या बागांचे प्रमाण ठरवता येत नाही. रक्ताच्या नमुन्यात रोगप्रतिकाराची जनुके अशीच दिसतात. तिच्या पहिल्या निकालात हेच पाथवे सर्वांत वर होते. प्रत्यक्ष मोजलेल्या जनुकांची यादी बॅकग्राउंड, म्हणजे तुलनेचा आधार, म्हणून दिल्यावर त्यांतले बरेचसे खाली घसरले.

दुसरी दक्षता संख्येची. केगमध्ये माणसाचे ३००हून अधिक पाथवे आहेत. प्रत्येकासाठी योगायोगाच्या शक्यतेची पाच टक्क्यांची मर्यादा धरली, तर निरर्थक यादीतूनही पंधराएक पाथवे 'महत्त्वाचे' म्हणून निघू शकतात. म्हणून अनेक चाचण्यांतून येणारे असे खोटे निकाल आटोक्यात ठेवण्यासाठी बेंजामिनी आणि हॉकबर्ग या संख्याशास्त्रज्ञांनी १९९५ साली मांडलेली दुरुस्ती लावलेलाच आकडा वाचावा. यादी एक्सेलमध्ये उघडतानाही जपावे, कारण 'सेप्ट२' या जनुकाच्या जुन्या नावाची तिथे २ सप्टेंबर ही तारीख होते. प्रसिद्ध शोधनिबंधांच्या पुरवणी तक्त्यांत अशा चुका इतक्या आढळल्या, की २०२०मध्ये अशा जनुकांची नावेच बदलण्यात आली.

मुळात ४०० हा आकडाही, किती बदल झाला की जनुक यादीत घ्यायचे, या आपण ठरवलेल्या सीमेतून आलेला असतो. २००३ साली टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांच्या स्नायूंचा अभ्यास झाला, तेव्हा एकही जनुक स्वतंत्रपणे संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरले नव्हते. मात्र पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या एका गटातील बहुतेक जनुके थोडी थोडी, सुमारे २० टक्क्यांनी, एकाच दिशेने मंदावलेली होती. सीमारेषा आखून यादी केली असती, तर हे दिसलेच नसते. सगळी जनुके बदलाच्या क्रमाने मांडून एखादा गट एका टोकाला गोळा झाला आहे का, हे पाहणारी ही पद्धत २००५मध्ये सुधारित रूपात 'जीएसईए' (जीन सेट एन्रिचमेंट अ‍ॅनालिसिस) या नावाने मांडली गेली. नवशिक्याने ती लवकर शिकावी, असे माझे ठाम मत आहे.

विद्यार्थिनीच्या दुरुस्त निकालात वर राहिला तो हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त घटक, तयार करण्याचा पाथवे. तिने आनंदाने लिहिले, की रुग्णांच्या पेशींत हीमची निर्मिती वाढते. मी तिला नमुन्यातील पेशी आठवायला सांगितल्या. सिकलसेलमध्ये लाल पेशी लवकर नष्ट होतात, म्हणून अस्थिमज्जा नव्या, अपरिपक्व लाल पेशी मोठ्या संख्येने रक्तात सोडते आणि त्यांच्यात हीमच्या जनुकांचा आरएनए, म्हणजे जनुकांवरून उतरवलेली प्रत, अजून शिल्लक असतो. एकेका पेशीतील काम वाढले की तशा पेशीच जास्त झाल्या, हे या तक्त्यावरून ठरत नाही. तिने ते वाक्य खोडले आणि अपरिपक्व लाल पेशींचे प्रमाण कोणत्या नमुन्यांसोबत नोंदवलेले आहे, ते शोधायला घेतले.