हरकत फक्त जमीनमालकानेच घ्यायची असते का?

जळगाव-धुळ्यात एक समज वर्षानुवर्षे पक्का झाला आहे : शहराच्या प्रारूप विकास आराखड्यावर, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या कच्च्या आराखड्यावर, हरकत घ्यायची ती ज्याची जमीन आरक्षणात गेली, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखली गेली, त्याने, भाडेकरूचा किंवा नागरिकांच्या संस्थेचा तिथे काय संबंध? हा समज चुकीचा आहे, आणि त्याने शहराचे फार नुकसान होते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 यात हरकत किंवा सूचना 'कोणतीही व्यक्ती' लेखी देऊ शकते. मालकीची अट नाही.

राजपत्रात प्रारूप आराखड्याची जाहीर नोटीस आल्यावर हरकतीसाठी मुदत असते 30 दिवसांची, आणि नागरिकांच्या संस्थांचे खरे काम याच दिवसांत होते. विद्यमान जमीन-वापराचा नकाशा प्रस्तावित नकाशाशेजारी ठेवून कार्यकर्ते गट क्रमांकागणिक बोट फिरवतात. जिथे आज मुले खेळतात ते मैदान नव्या नकाशात पिवळे, म्हणजे निवासी, झाले असेल, तर गट क्रमांक, कारण आणि पर्यायी जागा लिहून अर्ज देतात. 'आमचा विरोध आहे' एवढेच लिहिलेल्या शंभर अर्जांपेक्षा असा एक अर्ज सुनावणीत जास्त टिकतो, असे माझे ठाम मत आहे.

सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीत नियोजन प्राधिकरणाच्या (म्हणजे आराखडा करणाऱ्या महापालिकेसारख्या संस्थेच्या) सदस्यांबरोबर बाहेरचे तज्ज्ञही असतात. नागरिकांच्या संस्थेला मात्र निर्णयाचा अधिकार नसतो. आराखडा मंजूर झाल्यावरही आरक्षणांवर लक्ष ठेवण्याचे तिचे काम उरते, कारण आरक्षित जागा 10 वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक कलम 127 खाली नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरही मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होते.