काळ सोकावतो, पण कधी?

‘म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो.’ ग्रामसभेत कुणी ही म्हण टाकली की निम्मी चर्चा तिथेच आटोपते. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, एका शॅकला (पर्यटकांच्या खाण्यापिण्याच्या हंगामी शेडला) परवानगी द्यायची असो की देवराईच्या कडेने रस्ता काढायचा असो, धाटणी एकच. आज ‘अ’ला हो म्हणालात तर उद्या ‘ब’, परवा ‘क’, आणि शेवटी ‘ज्ञ’ येणारच. ‘ज्ञ’ कुणालाच नको, म्हणून ‘अ’सुद्धा नको. याला निसरड्या उताराचा युक्तिवाद म्हणतात. तर्कशास्त्राची बरीच पाठ्यपुस्तकं त्याला सरसकट तर्कदोषांच्या यादीत टाकून मोकळी होतात. एवढी घाई बरी नाही, कारण काळ कधी कधी खरोखरच सोकावतो. उतार म्हणून मांडलेला हा युक्तिवाद तपासायचा मात्र पाखाडीसारखा, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेसारखा, एकेका चिऱ्यावर पाय टेकून.

समजा, एका शॅकचा अर्ज आलाय आणि विरोधकांचं म्हणणं असं: एकाला दिली की आणखी दहा जण मागतील, एकाला दिल्यावर बाकीच्यांना नाही म्हणता येणार नाही, मग हंगामी शेडचं पक्कं बांधकाम होईल, आणि शेवटी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला पुळणीवर जागाच उरणार नाही. या झाल्या चार पायऱ्या. आता आधीची पायरी घडलीच असं धरून पुढची घडायची शक्यता किती, याचा प्रत्येकीसाठी प्रामाणिक अंदाज करा. समजा 90, 80, 50 आणि 40 टक्के. गुणाकार केला की 0.9 × 0.8 × 0.5 × 0.4 = 0.144, म्हणजे साधारण 14 टक्के. बोलताना ‘होणारच’ वाटलेली गोष्ट सातात एकदा होणारी निघते. साखळी जितकी लांब तितकी ती ऐकायला भारी आणि हिशेबाला हलकी. प्रत्येक पायरी 80 टक्के खात्रीची असली, तरी पाच पायऱ्यांनंतर हातात 33 टक्केच राहतात.

हा गुणाकार दाखवून समोरच्याला गप्प करणारेही दोन ठिकाणी चुकतात. पहिली गोष्ट, शॅक नाकारली तरी पुळण सुरक्षित राहीलच असं नाही. परवानगीशिवाय शेडी उभ्या राहून तोच शेवट व्हायची शक्यता 10 टक्के असेल, तर या परवानगीने वाढलेला धोका फक्त 4 टक्क्यांचा. ती शक्यता शून्य असेल तर पुरता 14 टक्क्यांचा. ही तुलना वादात जवळपास कुणीच करत नाही. दुसरी गोष्ट, 14 टक्के म्हणजे ‘काही नाही’ असं नव्हे. नुकसान परत भरून येणारं नसेल तर सातात एकदाचा धोकाही टाळण्याजोगा ठरतो. शेड मोडता येते, पण सपाट केलेला वाळूचा दांडा सहजासहजी परत उभा करता येत नाही.

आकडे नेमके मिळणार नाहीत, हे उघडच आहे. त्यामुळे आकड्यांपेक्षा कामाचा प्रश्न असा: एका पायरीवरून दुसरीवर ढकलणारी गोष्ट कोणती? ती सांगता आली नाही तर उरते ती नुसती भीती. ढकलणाऱ्या गोष्टी साधारण ओळखीच्याच असतात. एक म्हणजे पायंडा: ‘त्याला दिलंत, मग मला का नाही?’ दुसरी गुंतवणूक. शेडवर कर्ज काढलेला माणूस ती उतरवायला सहजी तयार होत नाही, आणि असे वीस जण झाले की तो एक गट होतो, मतदानातही. तिसरी सवय, म्हणजे म्हणीतलं ‘सोकावणं’.

किनाऱ्याच्याच नियमांचा इतिहास इथे बोलका आहे. 1991 च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेने भरतीरेषेपासून 500 मीटरचा पट्टा नियंत्रणाखाली आणला आणि ग्रामीण किनाऱ्यावर त्यातले पहिले 200 मीटर बांधकामाला बंद केले. पुढच्या वीस वर्षांत या अधिसूचनेत वीसहून जास्त दुरुस्त्या झाल्या. 2011 साली नवी अधिसूचना आली आणि 2019 च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ते 200 मीटर 50 वर आणले. ‘दाट’ म्हणजे 2011 च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला 2,161 पेक्षा जास्त लोक. हा बदल योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. जुन्या किनारी वस्त्यांची घरदुरुस्तीची अडचण खरीच होती. पण 1991 साली कुणी ‘ही रेषा सरकत जाईल’ असं म्हटलं असतं, तर त्याला तर्कदोषी ठरवणं चूक झालं असतं.

उलट उदाहरण इच्छामरणाच्या कायद्यांत सापडतं, जिथे हा युक्तिवाद सर्वात जास्त वापरला जातो. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात 1997 पासून मरणासन्न रुग्णाला डॉक्टरने लिहून दिलेलं प्राणांतक औषध स्वतः घेता येतं. प्रौढ वय आणि सहा महिन्यांच्या आत मृत्यूचं निदान या मूळ अटी तिथे अजून तशाच आहेत. रहिवासाची अट मात्र गेली. बेल्जियमचा कायदा 2002 चा, आणि 2014 मध्ये तिथे वयाची अट निघाली. दोन्ही बाजूंना हवा तो दाखला मिळतो, म्हणून वादात प्रत्येक जण आपलाच देश आणतो! भारतात सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी निष्क्रिय इच्छामरणाला, म्हणजे जगवणारे उपचार थांबवण्याला, मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये प्रक्रिया सोपी केली: असे उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालू लागला. कागदपत्रं हलकी झाली, पण प्राणांतक इंजेक्शनची मनाई जिथल्या तिथे राहिली. सगळ्या अटी एकाच वेगाने घसरत नाहीत.

याच घराण्यातला आणखी एक दोष म्हणजे ‘रेषा कुठेही ओढा, ती मनमानीच, मग ओढताच कशाला?’ पापलेटसाठी महाराष्ट्रात किमान 135 मिलिमीटर लांबीची मर्यादा आहे. 134 आणि 136 च्या माशांत जीवशास्त्रीय फरक शोधून सापडणार नाही, हे कबूल. पण तळहातात मावणारं पिल्लू आणि अंडी घालून झालेली मादी यांत तो ढळढळीत असतो, आणि मोजपट्टीला मधे कुठेतरी खूण लागतेच.

ग्रामसभेतले बाकीचे दोष लवकर ओळखता येतात. ‘तो मुंबईचा चाकरमानी, त्याला गावाचं काय?’ हा माणसावर हल्ला आहे. पण अर्जदार सरपंचांचा जावई असेल तर ते विचारणं दोष नव्हे, तिथे हितसंबंधाचा प्रश्न आहे. ‘विकास हवा की मासेमारी?’ हा खोटा पेच, जणू दोनच पर्याय आहेत. आणि समोरच्याच्या बोलण्यात दोष सापडला म्हणून त्याचा निष्कर्षही खोटा, असं मानणं हाही दोषच. हुशार मंडळी यात हमखास अडकतात.

घसरणीची भीती खरी वाटत असेल तर ती ठरावात लिहून काढावी. ‘परवानगी द्यावी’ एवढ्यावर सही करू नये. शॅक जास्तीत जास्त किती, पाया सिमेंटचा नको, पावसाळ्याआधी शेड उतरवायची, रापणीसाठी पुळणीचा कुठला भाग कायम मोकळा, हे खुणांसकट नोंदवावं. हीच जागा का दिली त्याची कारणंही लिहावीत, म्हणजे पुढच्या अर्जदाराला ‘मला का नाही’चं उत्तर कागदावर मिळतं आणि पायंड्याचा जोर ओसरतो. सगळ्यात महत्त्वाची मुदत: दोन हंगामांनी परवानगी आपोआप संपेल, नूतनीकरणाला नवा ठराव लागेल. ‘गैरप्रकार आढळल्यास रद्द करू’ हे वाक्य यापेक्षा फार कमकुवत, कारण रद्द करायला कुणाला तरी उठून शेजाऱ्याशी वैर घ्यावं लागतं, मुदत संपायला कुणाचीच गरज नसते. अर्थात हा ठराव म्हणजे गावाचं मत. सीआरझेडची परवानगी त्याशिवाय वेगळी घ्यावीच लागते.