पिंपात मुरलेल्या आंबट बिअरची पार्श्वभूमी, खानदेशातून पाहताना

ओकच्या पिंपात दीड-दोन वर्षं मुरलेली आणि चेरी नाहीतर रास्पबेरी घालून पुन्हा आंबवलेली बिअर जळगाव-धुळ्याकडच्या कुणाच्या हाती दिली, तर पहिल्या घोटाला बहुधा एकच उद्गार निघतो: ‘हाई ते आंबी गई!’ हे निदान बरोबरच आहे. ती आंबलेली असते, आणि मुद्दाम आंबवलेली असते. साधारण दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत लाकडात साठवलेली बिअर काही महिन्यांत कमीअधिक आंबट व्हायचीच. आपण ओळखतो ती पारदर्शक, पिवळी, थंडगार आणि किंचित कडू बिअर ही इतिहासातली नंतरची पाहुणी.

आपल्याकडे ‘फ्रूट बिअर’ नावानं जे बाटलीबंद गोड पेय मिळतं, त्याचा इथे संबंध नाही. त्यात मद्य नसतं. इथे फळातली साखर यीस्ट खाऊन टाकतं, म्हणून बिअरमध्ये फळाचा वास आणि रंग उरतो, गोडी मात्र जवळजवळ उरत नाही. चव घेताना माणसं बुचकळ्यात पडतात ती इथेच. नाकाला चेरी कळते आणि जिभेवर येतं ते कोरडं, दह्याच्या निवळीसारखं आंबट काहीतरी.

या बिअरचं सगळ्यात जुनं आणि आजही चालू असलेलं घराणं बेल्जियममध्ये आहे. ब्रसेल्स शहर आणि त्याच्या नैर्ऋत्येचा पायोटनलांड हा शेतीचा पट्टा, म्हणजे सेन नदीचं खोरं, हा लॅम्बिक नावाच्या आंबट बिअरचा मुलूख. तिथे गव्हाचं प्रमाण साधारण तीस ते चाळीस टक्के असतं, आणि तो गहू मोड न आणलेला. बाकीचं जवाचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले दाणे. हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी वेलीची फुलं, वापरतात ती दोन-तीन वर्षं जुनी. त्यांचा कडूपणा गेलेला असतो, पण नको ते जंतू आवरण्याची ताकद शिल्लक असते. उकळलेला काढा रात्री माळ्यावरच्या उथळ, पसरट हौदात ओततात आणि खिडक्या उघड्या ठेवतात. बाहेरची थंड हवा तो निववते, आणि हवेतलं, छपरातलं, लाकडातलं यीस्ट त्यात उतरतं. मुद्दाम विरजण कुणी लावत नाही. म्हणून हे काम फक्त थंडीत, साधारण ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये होतं. उन्हाळ्यात काढा वेळेत निवत नाही आणि भलते जंतू बाजी मारतात.

दुसऱ्या दिवशी तो काढा पिंपात जातो आणि पुढचं सगळं पिंपात घडतं. पहिल्या महिन्यात आतड्यातल्या जंतूंच्या जातकुळीतले जीवाणू वाढतात. मग नेहमीचं यीस्ट साखरेचं मद्य करतं. काही महिन्यांनी पेडिओकॉकस हा जीवाणू दह्यात असतं ते लॅक्टिक आम्ल तयार करू लागतो. कधीकधी या टप्प्यावर बिअर तेलासारखी तार धरते, चमच्यानं उचलली तर लोंबते. तिथले जुने कारागीर म्हणतात की बिअर आजारी पडली, आणि वाट पाहतात. कारण शेवटी ब्रेटानोमायसिस नावाचं संथ यीस्ट जागं होतं, ती तार तोडतं आणि बिअर पुन्हा पातळ, स्वच्छ होते. याला वर्ष लागतं, दोन लागतात, कधी तीन. या सबंध प्रकारात मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो याच टप्प्याचा. बिघडल्यासारखा दिसणारा माल फेकून न देता थांबायचं, ही समज कित्येक पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेली आहे.

फळ येतं यानंतर. क्रीक नावाच्या प्रकारात एक लिटर लॅम्बिकला साधारण दोनशे ते तीनशे ग्रॅम आंबट चेरी बियांसकट घालतात. पूर्वी ही चेरी ब्रसेल्सजवळच्या स्कारबीकची असे. आता ती दुर्मीळ झाली आहे. फळातल्या साखरेनं पिंपात पुन्हा आंबणं सुरू होतं, साल रंग देते आणि बियांतून बदामासारखा मंद वास उतरतो. अँडरलेख्तमधली कांतियाँ ही १९०० साली सुरू झालेली ब्रुअरी आजही हीच रीत पाळते, आणि १९७८ पासून तिनं आपलं कामाचं घरच संग्रहालय म्हणून लोकांना खुलं ठेवलं आहे. पश्चिम फ्लँडर्समधल्या रूसेलारे गावी रोडनबाख ही १८२१ ची ब्रुअरी आहे. तिची लालसर आंबट बिअर भल्यामोठ्या उभ्या ओकच्या टाक्यांत मुरते. काही टाक्या शंभराहून अधिक वर्षांच्या आहेत. त्या बिअरचा आंबटपणा सिरक्याकडे झुकतो, लॅम्बिकचा दह्याकडे.

मग बाकी जगातून ही चव गेली कशी? अठराव्या-एकोणिसाव्या शतकात लंडनची पोर्टर ही काळपट बिअर महिनोन्महिने लाकडात ठेवली जायची आणि मुरलेल्या पोर्टरला भाव जास्त असायचा. त्या टाक्या केवढ्या असत याचा अंदाज एका दुर्घटनेवरून येतो. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनमध्ये अशी एक टाकी फुटली आणि बिअरच्या लोंढ्यात आठ माणसं गेली. पुढे लुई पाश्चरनं १८७६ मध्ये बिअरवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला, त्याच दशकात जर्मन अभियंता लिंडेचं शीतयंत्र आलं, आणि १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हान्सननं यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी करून वाढवली. कारखान्यांना हवं होतं ते मिळालं. प्रत्येक बाटली सारखी, काही आठवड्यांत तयार, आणि आंबटपणा म्हणजे दोष. गंमत अशी की त्याच कार्ल्सबर्गमध्ये १९०४ साली नील्स हेल्टे क्लाउसननं दाखवून दिलं की इंग्लंडच्या मुरलेल्या बिअरला तिची खास चव देणारं यीस्ट वेगळंच आहे. ब्रेटानोमायसिस हे नाव त्यानंच दिलं. पण तोवर वारं फिरलं होतं. ती जुनी रीत टिकली ती पायोटनलांडसारख्या कोपऱ्यांत.

पिंपाचं गणित थोडक्यात सांगतो. ओकचं लाकूड द्रव गळू देत नाही, पण अत्यंत सावकाश प्राणवायू आत येऊ देतं. ब्रेटानोमायसिसला तो हवा असतो. मात्र प्रमाणाबाहेर आला, तर सिरका होतो. जुन्या पिंपाच्या फळ्यांत जंतूंची वस्तीच असते, म्हणून पिंप हे भांडंही आणि विरजणही. वाइनची पिंपं साधारण २२५ लिटरची असतात. अमेरिकेत बर्बन व्हिस्कीला दर वेळी नवं जाळलेलं पिंप लागतं, असा नियम असल्यामुळे वापरलेली पिंपं स्वस्तात बाहेर पडतात, आणि गेल्या तीसेक वर्षांत तिथे पिंपातल्या बिअरची लाट आली तिला याचा मोठा हातभार लागला. आपल्या सातपुड्यात साग आहे, पण सागात नैसर्गिक तेल असतं. पिंपाला लागतो तो ओक इथे नाही.

आता आपल्या अंगणाकडे येतो. लॅक्टिक आम्लाचा आंबटपणा खानदेशाला नवा नाही. चैत्रात बिबड्या करायच्या म्हणजे ज्वारी कांडायची, तिची भरड पाण्यात ठेवून आंबवायची, मग तीळ, लसूण, मिरची घालून घाटा शिजवायचा. वाळण्याआधीचा तो गरम घाटा तेल घालून खाल्लेल्या माणसाला आंबट धान्याची चव समजावून सांगावी लागत नाही. कुरडयांसाठी तीन दिवस भिजणाऱ्या गव्हाचा वासही त्याच कुळातला. गव्हावर आणि ज्वारीवर काम करणारे हे जीवाणू आणि लॅम्बिकच्या पिंपातले जीवाणू जवळचे नातेवाईक आहेत. आफ्रिकेत तर ज्वारीचीच बिअर होते. दक्षिण आफ्रिकेची उमकोम्बोथी मका आणि ज्वारीच्या माल्टची, आंबट, दाट आणि ताजी पिण्याची. किलिमांजारोच्या उतारावरचे चागा लोक केळी शिजवून आंबवतात आणि त्यात नाचणीचं माल्ट घालून म्बेगे करतात. केळी आणि भरड धान्य दोन्ही भरभरून पिकवणाऱ्या रावेर-यावलच्या माणसानं हे वाचलं, तर त्याला थोडं चुकल्यासारखं वाटेल, मलाही वाटलं.

आपल्याकडे असं पेय बाजारात का उभं राहिलं नाही, याचं उत्तर बरंचसं सरकारी धोरणात आहे. सातपुड्यातले भिल्ल, पावरा फाल्गुन-चैत्रात पहाटे गळणारी मोहाची फुलं वेचत, वाळवत, आंबवत आणि मडक्यातून दारू गाळत. पूजेत, लग्नात, पंचांच्या बैठकीत ती लागायची. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं गाळण्याचा हक्क सरकारच्या हाती एकवटला आणि मक्ता ठेकेदारांकडे गेला. घरची वस्तू विकत घ्यायची झाली, आणि तिच्यापायी कर्ज झालं, जमिनी गेल्या. म्हणून दारूविरुद्ध आवाज उठला तो फक्त वरून नव्हे, तर खालूनही. १९२२ मध्ये लगतच्या डांग-दक्षिण गुजरातेत देवीच्या नावानं दारू सोडायला सांगणारी देवीची चळवळ झाली, १९३० च्या दशकात तळोद्याच्या भागात गुलाम महाराजांनी हजारो आदिवासींना दारू सोडायला सांगितलं. या चळवळींकडे मी आदरानंच पाहतो. आंबवण्याच्या कलेचं प्रेम असलं, तरी तिथल्या बायकापोरांनी काय सोसलं ते विसरून चालणार नाही. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात काँग्रेसचं सरकार आलं, ऑगस्ट १९३९ मध्ये मुंबई शहरात दारूबंदी लागली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. महाराष्ट्रात तो नंतर परवान्यांच्या वाटेनं सैल झाला, गुजरातनं दारूबंदी ठेवली. नवापूरच्या रेल्वे स्थानकातून दोन राज्यांची सीमा जाते, म्हणजे एकाच फलाटावर दोन कायदे.

युरोपात कारखान्यानं आंबट बिअरला बाजूला सारलं, पण कोपरा शिल्लक ठेवला. आपल्याकडे आधी मक्त्यानं आणि मग बंदीनं कोपराही ठेवला नाही. मद्य गेलं, आणि तीच विद्या बिबड्यांत, कुरडयांत, लोणच्याच्या बरणीत राहिली. अशी बाटली समोर येते तेव्हा मला हे प्रकर्षानं जाणवतं.

चव घेणाऱ्यासाठी दोन-चार गोष्टी. ती बर्फासारखी गार करू नये, आठ-दहा अंशांवर वास उघडतो. लहान पेला घ्यावा. आधी नुसता वास घ्यावा. ब्रेटानोमायसिसच्या वासात ओलं चामडं, वाळलं गवत आणि घोड्याच्या पाठीवरचं घोंगडं असतं. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात फिरलेल्याला तो लगेच ओळखू येईल. मग आंबटपणा कुठे लागतो ते पाहावं. जिभेच्या कडांना गोल, दह्यासारखा लागला तर लॅक्टिक. घशात आणि नाकात चढला तर सिरक्याचा, आणि तो फार असेल तर माझ्या मते पिंपाकडे दुर्लक्ष झालेलं असतं. शेवटी दातांवर येणारी तुरट पकड लाकडाची आणि सालीची. सोबत काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत उत्तम, कारण धूर आणि आंबट एकमेकांना धरतात. झणझणीत शेवभाजीबरोबर मात्र नको, आम्लानं आणि फेसानं तिखट आणखी पेटतं.

महाराष्ट्रात लहान ब्रुअरीचा जमाना २००९ मध्ये पुण्यात डूलालीपासून सुरू झाला. आज महानगरांत ‘सावर’ म्हणून मिळणारी बिअर बऱ्याचदा झटपट रीतीची असते. उकळण्याच्या भांड्यातच एक-दोन दिवस लॅक्टोबॅसिलस हा लॅक्टिक आम्ल करणारा जीवाणू वाढवायचा, मग उकळून त्याला थांबवायचं. स्वच्छ आंबट चव येते, पण पिंपातला थर येत नाही. खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, आणि अशा उन्हात राखलेलं पिंप वर्षभरात सिरकाच देईल. इथे हे कुणाला करायचंच असेल, तर वर्षभर वीस अंशांखाली राहणारी खोली हवी. फळ म्हणून चेरीच्या मागे लागण्याची गरज नाही. रंग, तुरटपणा आणि आंबटपणा तिन्ही असलेलं जांभूळ जूनमध्ये इथे झाडाखाली सडा घालून पडलेलं असतं.