पार्श्वभूमी: महिला आइस हॉकीची जागतिक स्पर्धा आणि बॉडी चेकवरची बंदी

महिलांची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा मार्च 1990 मध्ये ओटावात झाली. 1987 मध्ये ओंटारियोत एक अनधिकृत स्पर्धा भरली होती, एवढाच तिचा पूर्वेतिहास. ओटावा म्हटलं की बहुतेकांना यजमानांची गुलाबी जर्सीच आठवते. खरं लक्षात ठेवायला हवं ते हे, की तिथे बॉडी चेक (समोरच्या खेळाडूला अंगाने धडक देऊन अडवणं) नियमात बसत होता.

1992 च्या टँपेरे स्पर्धेपर्यंत तो बंद झाला. उत्तर अमेरिकेच्या मुली अंगापिंडाने थोराड, त्यांच्यापुढे बाकीचे संघ टिकत नाहीत, हे त्याचं मुख्य कारण. ओटावात कॅनडाने जपानला 18-0 असं हरवलं होतं, त्यामुळे काळजी खोटी नव्हती. उपाय मात्र चुकला. तफावत धडकेपेक्षा स्केटिंगच्या वेगात आणि मुलींना सरावासाठी मिळणाऱ्या बर्फात होती. बंदीनंतर तब्बल अठरा वर्षांनी, व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये कॅनडाने स्लोव्हाकियाचा पराभव केला तोही 18-0 असाच. महिला हॉकी ऑलिंपिकमध्ये राहणार का, असा प्रश्न तेव्हा उघडपणे विचारला गेला. 2012 पासून जागतिक स्पर्धेत वरचे चार संघ एका गटात ठेवले गेले. एकतर्फी सामन्यांवर हाच इलाज मुळावर घाव घालणारा होता.

बंदी अंमलात आणणंही सोपं नाही. पकसाठी (खेळातल्या रबरी चकतीसाठी) दोघी बोर्डलगत, म्हणजे मैदानाभोवतीच्या कठड्याला लागून, खांद्याला खांदा भिडवून झगडल्या तर चालतं. समोरचीला पाडायलाच अंग घातलं तर पेनल्टी. हे ठरवायचं रेफरीने, क्षणार्धात. एका सामन्यात सोडून दिलेल्या धडकेसाठी दुसऱ्या सामन्यात दोन मिनिटं बाहेर बसावं लागतं.

दरम्यान खेळ पुढे गेला. सुवर्णपदक आजवर कॅनडा आणि अमेरिका सोडून कुणालाच मिळालेलं नाही, पण 2019 मध्ये एस्पोत फिनलंडने कॅनडाला हरवून अंतिम फेरी गाठली. अमेरिकेविरुद्धच्या त्या सामन्यात जादा वेळेत फिनलंडचा गोल झाला, जल्लोष सुरू झाला आणि व्हिडिओ पाहून गोलकीपरला झालेल्या अडथळ्यासाठी तो रद्द झाला. शूटआउटमध्ये अमेरिका जिंकली.

स्वीडनच्या वरिष्ठ महिला लीगने 2022 मध्ये बॉडी चेक पुन्हा आणला. 2024 मध्ये सुरू झालेल्या उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्येही अंगाला अंग भिडवायला जास्त मोकळीक आहे. याच लीगमधल्या खेळाडू जागतिक स्पर्धेत उतरतात, तेव्हा क्लबकडून खेळताना चालणाऱ्या काही धडका तिथे पेनल्टी ठरतात.