यंत्राला सोनं कळत नाही

दिवाळीनंतर कापसाची वेचणी चालू असताना शेजारच्या आक्कांची पोत तुटली. अमळनेर तालुक्यातलं काळ्या मातीचं शेत, कमरेएवढी कपाशी, कुठल्या सरीत तुटली तेही नक्की नाही. काळे मणी तर काळ्या मातीत गेलेच, पण सोन्याचे मणी आणि डोरल्याच्या दोन वाट्यांसाठी आक्कांचा जीव खालीवर होत होता. बांधावर सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, चुंबक फिरवा. सोनं चुंबकाला चिकटत नाही, हे सातवीच्या पोरालाही माहीत असतं, पण घाबरलेल्या माणसाला कोण सांगणार? दुसऱ्याने पायाळू माणूस आणायला सांगितलं. जन्मताना पाय आधी बाहेर आले म्हणून जमिनीखालचं दिसतं, असा हा हिशेब. तिसऱ्याला माझं यंत्र आठवलं.

माझ्याकडे जुना मेटल डिटेक्टर आहे, हौसेने घेतलेला. पहिल्याच सरीत तो कुंईं करून ओरडला तेव्हा आक्का धावत आल्या, "भाऊ, यंत्र बोलनं, मंग सोनं कोठे शे?" उकरलं तर बैलाच्या नालेचा गंजका खिळा.

इथेच बहुतेकांचा गैरसमज आहे. यंत्र सोनं ओळखत नाही. ते फक्त एक उशीर मोजतं, आणि त्या उशिराची गोष्ट मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

यंत्राच्या थाळीत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारी वीज खेळते, त्यामुळे खालच्या मातीत तसंच उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. बदलतं चुंबकीय क्षेत्र धातूत वीज जागी करतं, हे मायकेल फॅराडेने १८३१ मध्ये दाखवलं. धातूत फिरणाऱ्या या भोवऱ्यासारख्या प्रवाहाचं स्वतःचंही क्षीण चुंबकीय क्षेत्र असतं. थाळीतलं दुसरं वेटोळं तेवढंच ऐकत बसलेलं असतं. पहिल्या वेटोळ्याचा आवाज त्याला ऐकू येऊ नये अशा बेताने दोन्हींची मांडणी केलेली असते.

आता उशीर. बैलगाडी डोळ्यांसमोर आणा आणि बैल तिला आळीपाळीने पुढे-मागे ओढतायत असं समजा. (बैल असं करणार नाहीत, पण भौतिकशास्त्रात चालतं.) रिकामी गाडी चिखलात असेल, तर ओढ आहे तोवर हलते, ओढ थांबली की जागीच रुतते. तीच गाडी कापसाच्या गाठींनी भरून डांबरी रस्त्यावर आणली, तर ओढ उलटी झाली तरी काही वेळ जुन्याच दिशेने जात राहते. चिखल म्हणजे धातूचा विद्युत रोध, भार म्हणजे प्रवाहाचं जडत्व, पुस्तकी भाषेत स्वप्रवर्तन. धातूतली ओढ मुळातच क्षेत्राच्या पाव फेरा मागे असते, म्हणजे ९० अंश. पातळ पन्नीत चिखल जास्त, त्यामुळे तिचा प्रवाह त्या ९० च्या आसपासच राहतो. चांदीच्या जाड वाळ्यात भार जास्त, चिखल कमी, म्हणून त्याचा प्रवाह आणखी मागे पडत जवळपास १८० अंशांपर्यंत जातो. यंत्राच्या पडद्यावरचा आकडा हा या कोनाचाच अवतार.

मग सोनं कुठे बसतं? शुद्ध सोन्याची वाहकता चांदी आणि तांब्याहून कमी, ॲल्युमिनियमपेक्षा थोडी जास्त. पण दागिना २२ कॅरेटचा, त्यात तांबं-चांदी मिसळली की वाहकता बरीच घटते. शिवाय आकार आणि जाडीही कोन बदलतात. परिणामी सोन्याची अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची कडी एकाच आकड्यावर येऊ शकतात. म्हणून "फक्त सोनं दाखवणारं यंत्र" अशी जाहिरात दिसली की पायाळू माणसाची आठवण होते. फरक एवढाच की पायाळू माणूस बॅटरी मागत नाही.

अंगठी तरी बरी, ती अखंड कडं असते, प्रवाहाला मोठा फेरा मिळतो. साखळीत कड्या एकमेकींना जेमतेम टेकलेल्या, त्यामुळे प्रत्येक कडीत वेगळा चिमुकला भोवरा. पोतीचे पोकळ मणी तर दोऱ्यात ओवलेले, प्रत्येक मणी एकटा. अशा मण्यासाठी वारंवारता वाढवावी लागते, सेकंदाला वीस हजारांच्या वर. माझं यंत्र सात हजारांवर चालतं.

त्यात आपली जमीन. खान्देशची काळी माती सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या बेसाल्टपासून झालेली, आणि त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं. हे कण प्रवाहासाठी थांबत नाहीत, क्षेत्राबरोबरच जवळपास शून्य अंशावर डोलतात. म्हणून आधी थाळी वरखाली करून यंत्राला मातीची सवय लावावी लागते. गंजका खिळा मात्र चुंबकीयही असतो आणि वाहकही, तो दोन्हीकडून बोलतो आणि यंत्राला चकवतो. ठिबकच्या नळ्या प्लास्टिकच्या, तेवढाच दिलासा.

खोलीचा नियम फार क्रूर आहे. थाळीच्या आकारापेक्षा खाली गेलं की, अंतर दुप्पट झाल्यावर जाताना क्षेत्र आठपट क्षीण होतं आणि परत येताना पुन्हा आठपट, म्हणजे उत्तर चौसष्ट पटींनी बारीक. काळी माती वाळली की भेगाळते. मणी भेगेत गेला, तर यंत्र गप्प.

अलेक्झांडर ग्रॅहम बेलही असाच हरला होता. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा ती शरीरात कुठे आहे हे शोधायला तो याच तत्त्वाचं उपकरण घेऊन गेला. पलंगाला पोलादी स्प्रिंगा होत्या आणि डॉक्टरांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली. गोळी डावीकडे होती.

आम्हाला दुपारपर्यंत चौदा खिळे, फाळाचा तुकडा आणि औषधाच्या बाटलीचं सील मिळालं. मग एका सरीत बारीक, पण दोन्ही दिशांनी सारखा येणारा आवाज आला. चार बोटं माती काढली, डोरल्याची एक वाटी. तिथून हातभर घेरातली माती घमेल्यात भरून आक्कांनी धान्याच्या चाळणीने चाळली, त्यात दुसरी वाटी आणि पाच मणी निघाले. या पाचांपैकी एकाही मण्यावर माझं यंत्र बोललं नव्हतं.